हौसाबायचं मशीन

माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या नागोठण्याला ठाऊक आहे. तेव्हा हौसाबद्दल मी गोडगोड बोलेन अशी आशा कुणी ठेवू नये. बाई कामाची आहे, जिवाला जीव देणारी आहे, पण एकदा एखादी वस्तू तिची झाली की जगात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. लेक तिची म्हणून तशी लेक नाही, मूर्ती तिची म्हणून तशी मूर्ती उभ्या पेण तालुक्यात नाही. आणि ते मशीन! त्या मशीनच्या भरवशावर गेल्या पावसाळ्यात तिची लेक, तिची तान्ही नात आणि आम्ही सगळी गल्ली पाण्याखाली जायचेच बाकी राहिलो होतो.

मी फ्लोरा रोहेकर. नदीकडच्या गल्लीत माझं घर. आमची माणसं, म्हणजे इथली ज्यू मंडळी, एकेक करून इस्रायलला गेली. माझा आरोनही गेला. फोनवर "मम्मी, ये" म्हणतो, मी "बघू" म्हणते. घराच्या मागच्या खोल्या मी हौसाच्या मुलीला, किमयाला, भाड्याने दिल्यात. तिचा नवरा अमोल कंपनीत शिफ्टवर जातो. हौसा लेकीकडे आली की आधी माझ्याकडे चहा आणि मग लेक. अशी आमची ओळख झाली आणि चहाच्या कपावरच आमची भांडणंही झाली.

हौसा मूळची पेणपलीकडच्या खाडीकाठची. बाप मिठागरावर कामाला. मिठागरावरच्या पोरीला पाढे यायच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे ढग दिसला की मीठ झाकायचं. जेवत असाल तर ताट सोडून पळायचं. झावळ्या, प्लास्टिक, गोणपाट, हाताला लागेल ते राशीवर टाकायचं. नवरा नाथा, तोही मिठागरावरचाच. लग्नानंतर मिठागर बंद पडलं आणि दोघं रामवाडीला गणपतीच्या कारखान्यात लागली. म्हणजे मिठातून उठली आणि मातीत बसली. शाडूच्या मातीचं तरी काय वेगळं? पाणी लागलं की खेळ खलास. तिथेही आभाळ भरलं की एकच आरडाओरडा, "झाका, झाका!" या नवराबायकोचा जन्म झाकण्यात गेला म्हणा ना.

कारखान्यात हौसा आधी माती मळायची, मग रंग द्यायला लागली आणि शेवटी डोळ्यांवर आली. मूर्तीचे डोळे आखायचं काम कुणाच्याही हातात देत नाहीत. सखादादा म्हणून एक म्हातारे कारागीर होते, त्यांनी तिला ते शिकवलं आणि सोबत एक दंडकही घालून दिला. डोळे आखले की त्या तोंडावर काही टाकायचं नाही. पाऊस येवो, धूळ येवो, प्लास्टिक वर मांडवासारखं बांधायचं, तोंडाला लावायचं नाही. "एकदा बघायला लागला की त्याला बघू द्यायचं," असं ते म्हणायचे. पुढे नाथाच्या मामाने वर कातळवाडीला जागा दिली, आमच्याच आंबा नदीच्या वरच्या अंगाला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. तिथे दोघांनी स्वतःची शेड टाकली, पण दंडक तोच. नाथा इतका भोळा, की झोपलेल्या माणसाच्या तोंडावर चादरसुद्धा ओढणार नाही.

मग एके वर्षी कातळवाडीत सरकारी माणसं आली. पाऊस मोजायचं आपोआप चालणारं मशीन त्यांना बसवायचं होतं. भोवती झाड नको, भिंत नको, आणि जवळ दिवसभर माणूस हवं. अशी जागा एकच, हौसाच्या शेडपुढचं अंगण. त्यांच्यासोबत भूमिका नावाची इंजिनियर मुलगी होती, मोठी चुणचुणीत. तिने हौसाला समजावून सांगितलं. हे वरचं नरसाळं, आत एवढीशी पळी. पळी पावसाने भरली की कलंडते, कलंडली की तिची नोंद होते आणि ती नोंद तशीच कंट्रोल रूमला जाते. डोंगरात पाऊस हद्दीबाहेर गेला की नागोठण्याच्या बाजारातला भोंगा वाजणार. पाणी नदीने खाली पोचायच्या आत आम्हाला उठून जायला वेळ मिळणार. त्या खोऱ्यात डोंगराकडचं एवढं एकच मशीन. पुलाला नदीचं पाणी मोजायचं दुसरं लागणार होतं, पण ते "येतंय, येतंय" म्हणता म्हणता अजून यायचंच होतं. "मावशी, याची नीट काळजी घ्या," जाताना भूमिका म्हणाली.

झालं! काळजी घ्या म्हटल्यावर हौसाने त्या मशीनचं लेकरू करून टाकलं. रोज फडक्याने पुसायची. शेळी जवळ आली की धोंडा, कावळा बसला की शिव्या. मशीनचे आकडे फोनवर दिसायचे, ते रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून दाखवायची. माझ्याकडे आली तरी तेच. "बगा फ्लोराबाय, माझ्या मशीननं काल एवढा पाऊस मोजला!" मी म्हणायची, "मोजलाच ना, पाडला तर नाही? मग चहा पी." पण खरं सांगते, आम्हीही सगळे त्याच्यावर विसंबलो होतो. पूर्वी डोंगरात जोराचा पाऊस लागला की वरच्या गावांतून कुणी ना कुणी फोन करायचं, "पाणी सुटलंय, सांभाळा." मशीन आल्यावर ते फोन हळूहळू बंद झाले. मशीन सांगतंय ना, मग आपण कशाला सांगा!

त्या दिवसाकडे येते. जुलै सरत आला होता. किमयाला मुलगी होऊन महिनाही झाला नव्हता. बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण कातळवाडीला दवाखाना नाही, म्हणून हौसाच खाली येऊन राहिली होती. शेड नाथाच्या हवाली. निघण्यापूर्वी पडवीतल्या मोठ्या ऑर्डरच्या सगळ्या मूर्तींचे डोळे तिने आखून ठेवले होते.

सकाळी नाथाचा फोन आला. हौसा बाळाला तेल लावत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मी तिथेच बसले होते.

"अगो, पावसानं निस्ता उच्छाद मांडलाय!" नाथा ओरडत होता. "पत्र्यावर धोंडे पडल्यावानी पडतोय."

"मग माझ्याशी बोलत काय बसलाव?" हौसा खेकसली. "झाका सगळं! काय म्हंजे काय उघडं ऱ्हाता कामा नाय!"

"व्हय, व्हय," म्हणत त्याने फोन ठेवला. तिने बाळाचा दुसरा पाय चोळायला घेतला.

आमच्याकडे खाली पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. दुपारच्या सुमाराला नदीचा रंग बदलला. कोपऱ्यावरचा दुकानदार जनू धावत आला, मागे गल्लीतली आणखी चारदोन माणसं. "हौसाबाय, नदी फुगल्यासारखी दिसतेय. माल वर चढवू का? आईला शाळेत नेऊन ठेवू का?" शाळा आमच्याकडे उंचावर आहे, पुराच्या वेळी सगळे तिकडेच जातात.

हौसाने पदराला हात पुसले, फोन उघडला आणि सगळ्यांसमोर धरला. "बगा. शून्य. डोंगरात पाऊसच नाय, तर पूर येयाचा कुठून? खाडीला भरती हाय, तिचं पाणी चढलंय. उतरंल. माझं मशीन कधी खोटं बोलत नाय."

इतक्या ठासून बोलली की जनू निमूट परत गेला. शेजारच्या दिपिकाने बांधलेलं बोचकं सोडून टाकलं. मीही खुर्चीत पाय वर घेऊन बसले. माझे गुडघे हे असे, मला तर न जायला निमित्तच हवं होतं.

थोड्या वेळाने मोरीत गुडगुड ऐकू आली. जाऊन बघते तर मोरीचं पाणी जायच्या ऐवजी वर येत होतं, काळं आणि वास मारणारं. बाहेर गटारही उलटं वाहायला लागलेलं. बाजारातला भोंगा गप्प, फोन गप्प.

"गो हौसा," मी म्हटलं, "सकाळी नाथा काय बोंबलत होता?"

"पाऊस पडतोय म्हणून."

"किती?"

"धोंडे पडल्यावानी..." बोलता बोलता तिने फोन उघडून आकडा पुन्हा बघितला.

"मग शून्य कसा गो?"

तिने फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मी माझ्या फोनवरून भूमिकाला लावत होते, तिचाही लागेना. शेवटी एकदाचा नाथाने उचलला. खरखर इतकी की शब्द तुटून येत होते.

"आवो, मशीन कसं हाय?" हौसा जीव खाऊन ओरडली.

"मस्त हाय!" तिकडून नाथाचा आवाज आला, अगदी खुशीत. "त्याची काळजी नको करू तू. सांगितलंस तसं झाकलं. मशीनला तर नवं जाड प्लास्टिक गुंडाळलंय आन् सुतळीनं आवळून बांधलंय. एक थेंब लागू दिला नाय!"

देवाशपथ सांगते, मला आधी हसूच फुटलं. वर डोंगरात आभाळ फाटलं होतं आणि ते मशीन प्लास्टिकच्या आत कोरडं ठणठणीत बसून कंट्रोल रूमला शून्य, शून्य सांगत होतं.

"काढा ते!" हौसा किंचाळली.

"काय?"

"प्लास्टिक काढा मशीनवरचं!"

"अगो, भिजंल ना ते!"

"भिजायसाठीच ठेवलंय! काढा! नातीच्या गळ्याची आन हाय तुम्हाला, काढा—"

फोन तुटला. त्याला कितपत ऐकू गेलं कुणास ठाऊक. परत लावला तर नुसता टूं टूं आवाज.

हौसाने फोन कमरेला खोचला. मग उठली आणि बाळ किमयाच्या हातात दिलं. "शाळेत चल. आत्ताच्या आत्ता."

"आई, पण भोंगा कुठे वाजलाय?"

"भोंग्याला कायपण ठाऊक नाय! चल म्हणते ना!" बाळाचं दुपटं, किमयाची शाल, एक पिशवी, एवढंच घेऊन तिने लेकीला दाराबाहेर काढलं. गल्लीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. दिपिकाला हाक मारून तिने किमयाला तिच्या हवाली केलं. "हिला घेऊन जा. मागं बघू नको." दिपिका म्हणाली, "मघाशी तर तूच..." "मी चुकले," हौसा म्हणाली. "शून्य खोटं हाय. पळ."

इतक्या वर्षांत या बाईला "मी चुकले" म्हणताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते दारोदार जाऊन म्हटलं. ज्यांना फोन दाखवून बसवलं होतं, त्या प्रत्येकाच्या उंबऱ्यावर ती उभी राहिली. "मी चुकले, उठा. मशीन झाकलं गेलंय. वर पाऊस हाय, उठा." कुणी शिव्या घातल्या, कुणी काही न बोलता पोरं उचलली. मी आपली भिंतीला धरून तिच्यामागून एकेक पाऊल टाकत होते.

जनू मात्र अडून बसला. "मघाशी बस म्हणालीस, आता पळ म्हणतेस. मी काय तुझ्याशी फुगडी घालतोय का? आधी भोंगा वाजू दे." त्याचा सगळा माल खालीच होता आणि आतल्या खोलीत खाटेवर म्हातारी आई. पाणी दुकानाची पायरी चढत होतं. हौसाने ते ऐकूनच घेतलं नाही. सरळ आत घुसली आणि म्हातारीच्या काखेत हात घातला. "तू पायाकडनं धर, नायतर मी एकटी नेते," तिने जनूला सांगितलं. म्हातारी रडायला लागली. जनूने कपाळावर हात मारला आणि आईला खांद्यावर घेतलं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं आणि माझा धीर सुटला. आधीच दुखणारे पाय, त्यात ओढ एवढी की पाऊल टेकेना. "मला सोड हौसा, तू जा, लेक बघ तुझी," मी म्हटलं. "फ्लोराबाय, नाटकं नकोत," ती म्हणाली आणि माझ्या कमरेला हात घालून अक्षरशः ओढत नेलं. समोर, खूप पुढे, दिपिकाच्या छत्रीखाली किमयाची शाल दिसत होती; ओली बाळंतीण, थांबत थांबत अजून वाटेतच होती. हौसाची नजर त्या शालीवरून हलत नव्हती. मध्येच किमया घसरली. हौसाची बोटं माझ्या कमरेत अशी रुतली की नंतर तिथे वळ उठले होते. दिपिकाने किमयाला सावरलं. बाळ वरच होतं, खांद्यावर.

आणि तेव्हा भोंगा वाजला.

आधी मला कळलंच नाही काय वाजतंय. मग वाजतच राहिला, सगळ्या नागोठण्यावर. बाजारपेठेतून लोक धावत बाहेर यायला लागले, खालच्या आळीतून, बस स्टँडवरून. फोनवर फोन वाजायला लागले. हौसा पाण्यात उभी राहिली आणि हमसून रडायला लागली. "ऐकलं हो त्यांनी! काढलं त्यांनी!" एवढंच म्हणत होती. मीही रडले, सांगायला लाज कसली.

आम्ही शाळेच्या पायऱ्या चढलो तेव्हा मागे जनूच्या दुकानात पाणी कमरेच्या वर होतं. माझ्या घरात खिडकीपर्यंत गेलं. माणूस मात्र एकही गेलं नाही. शाळेच्या वर्गात लोक हौसावर तुटून पडले. तुझ्या मशीनच्या नादाने आज मेलो असतो, वगैरे वगैरे. ती बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. शेवटी मीच तोंड उघडलं. "तिने बसवलं, पण तिनेच येऊन उठवलं ना? तुम्हाला डोळे नव्हते? नदी काय तिच्या फोनमध्ये वाहत होती? आता गप बसा सगळे." बसले गप. माझं तोंड फाटकं असल्याचा एवढा तरी उपयोग.

पाणी ओसरलं. अमोल शिफ्टवरून येऊन बायको-मुलीला डोळेभर बघून गेला होता. मी घरातला गाळ काढून एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला, संकटातून सुटलं की आमच्यात करतात तो गोड पोह्यांचा प्रसाद, आणि पहिला वाटा हौसाला दिला. मग रस्ता सुरू झाल्यावर अमोलने रिक्षा केली आणि मीही तिच्याबरोबर कातळवाडीला गेले.

नाथा शेडच्या पायरीवर बसला होता. मी पडवीकडे बघितलं. मोठ्या ऑर्डरच्या त्या सगळ्या मूर्ती विरघळून चिखल झाल्या होत्या. कुठे नुसतं पोट राहिलेलं, कुठे आसन. हौसाने आखलेल्या डोळ्यांचा काळा रंग ओघळून जमिनीवर पसरला होता.

"प्लास्टिक कुठं गेलं?" हौसाने हळूच विचारलं.

"धडकं प्लास्टिक एकच होतं ना," नाथा म्हणाला. "पडवीवर बांधलेलं काढलं आन् मशीनला घातलं."

"मूर्ती उघड्या टाकून?"

"मूर्ती काय, आपण परत करू. मशीन तुझं हाय. त्याला काय झालं असतं तर तू किती रडली असतीस." मग खाली बघून म्हणाला, "तू काढ म्हणालीस, तर काढलं. पडवीवर परत बांधेपर्यंत उशीर झाला होता. पण मशीन भिजताना बघवंना, म्हणून मग त्याच्याजवळच उभा ऱ्हायलो. एकट्यानं कशाला भिजावं त्यानं."

मला वाटलं आता ही बाई आभाळ डोक्यावर घेणार. तिने नाथाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यादेखत. मग आत जाऊन कुंचला आणि काळ्या-पांढऱ्या रंगाच्या डब्या घेऊन आली. मशीनचं नरसाळ्याखालचं पांढरं पिंप पुसून कोरडं केलं, समोर मांडी घालून बसली आणि त्याच्यावर डोळे आखले. मोठे, लांब, पापण्यांसकट, गणपतीचे असतात तसेच. नाथा बघत उभा होता. डोळ्यांत बाहुल्या भरल्या तसा तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने हात जोडले.

भूमिका पाहणीला आली तेव्हा आधी चक्रावलीच. "मावशी, हे सरकारी आहे, यावर रंग..." नाथाने तिला समजावलं, "म्याडम, आता झाकता येयाचं नाय त्याला. बघायला लागलाय तो." भूमिकाने पुढे होऊन ते डोळे जवळून बघितले. "मीसुद्धा काळजी घ्या म्हणून गेले," ती म्हणाली, "झाकू नका असं कुठे सांगितलं होतं?" तिने रंग पुसायला लावला नाही.

त्यानंतरही पाऊस आला, जोराचा आला. हौसा सांगते, ढग दिसला की नाथा अजून तसाच धावतो, सगळं झाकत सुटतो, आणि प्लास्टिक घेऊन मशीनपुढे आला की ते डोळे बघून थबकतो. मग मागे वळून मला फोन लावतो. वरून खाली फोन करायची रीत त्याने परत सुरू केली आहे. फार बोलत नाही.

"फ्लोराबाय, भिजतंय हां," एवढंच म्हणतो. आवाज अजूनही रडवेला असतो. मी उठते आणि जनूला हाक मारते.